तांबडा नको, पांढरा घ्या: कोल्हापुरात हजाराच्या आत वाईन प्यायची रीत

आपल्याकडे ज्या दुकानावर ‘वाईन शॉप’ अशी पाटी असते, तिथं वाईन सोडून सगळं पुढं मांडलेलं असतं. वाईन असते, नाही असं नाही. पण सगळ्यात वरच्या फळीवर, धूळ खात, ट्यूबलाइटच्या उजेडात उभी. मी पहिल्यांदा मागितली तेव्हा काउंटरवरच्या पोरानं आधी माझ्याकडं बघितलं, मग स्टुलाकडं, आणि विचारलं, “पाव्हणं आल्यात काय?”

पाहुणे आले नव्हते, मीच बोलावले होते. एप्रिल महिना, रात्री साडेआठ, स्वयंपाकघरात तांबडा रस्सा उकळतोय आणि ओट्यावर गॅसच्या शेजारी अठराशे रुपयांची रेड वाईन. रेड वाईन फ्रिजमध्ये ठेवत नाहीत, असं कुठंतरी ऐकलं होतं ना. पहिला घोट, त्यावर भाकरीचा रस्स्यात बुडवलेला तुकडा, आणि तोंडात जाळ. एकानं ग्लासात बर्फ टाकला, दुसऱ्यानं थम्सअप मागवलं. उरलेली अर्धी बाटली आठ दिवसांनी मोरीत गेली.

त्या अठराशे रुपयांत मी एक गोष्ट शिकलो. आपल्या जेवणाला महाग वाईन लागतच नाही, उलट ती नासते. लागते ती स्वस्त, थंडगार, जराशी गोडसर, आणि बहुतेक वेळा पांढरी. नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी ती कशी निवडायची, कशी थंड करायची आणि कशाबरोबर प्यायची, ते खाली क्रमानं लिहिलंय.

पायरी पहिली: बजेट ठरवा

ज्या गावात २०१९ साली मटणाच्या दरावरून आंदोलन झालं, त्या गावाला पैशाचा हिशोब मी काय शिकवणार? तरी माप सांगतो. साधी बाटली ७५० मिलीची असते. एका ग्लासात १५० मिली धरले तर पाच ग्लास. चार माणसांना जेवताना एक बाटली पुरते, थोडी कमी पडली तर बरंच. पाचशे ते हजार रुपयांत महाराष्ट्रात तयार झालेली चांगली वाईन मिळते, आणि पहिल्या वर्षात त्याच्या वर जायचं काही कारण नाही.

आपल्याकडची वाईन या भावात मिळते त्यामागं धोरण आहे. राज्य सरकारनं २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी वेगळं धोरण आणलं आणि इथल्या वाईनला करात सवलत दिली. त्यातून नाशिक पट्ट्यात कारखाने उभे राहिले, सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क झालं. परदेशी बाटलीवर मात्र जबर आयात शुल्क बसतं. म्हणजे दोन हजाराच्या फ्रेंच बाटलीत तुम्ही वाईनपेक्षा जकातच जास्त पिता.

एक प्रश्न हमखास येतो: शेजारी तासगावात एवढी द्राक्षं पिकतात, मग वाईन नाशिकची का? कारण तासगावकडची थॉम्पसन, माणिक चमन, सोनाका ही सगळी खायची नाहीतर बेदाण्याची द्राक्षं. बिनबियांची, पातळ सालीची, गरानं भरलेली. वाईनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं आणि बियांचं असतं, कारण रंग आणि तुरटपणा साल-बियांतूनच येतो. छाटणीचं चक्र मात्र दोन्हीकडं आपलंच: उन्हाळ्यात खरड छाटणी, पावसाळा सरला की फळछाटणी, आणि जानेवारी ते मार्चमध्ये माल हातात. युरोपात हीच काढणी ऑगस्ट ते ऑक्टोबरात होते.

पायरी दुसरी: दुकानात काय मागायचं

“एक चांगली वाईन द्या,” असं म्हणू नका. दुकानदार रेड देईल, कारण त्याच्या लेखी वाईन म्हणजे रेड. द्राक्षाचं नाव सांगून मागा. सुरुवातीला चार नावं पुरेत.

शेनिन ब्लांक: पांढरी. मूळची फ्रान्सच्या लोआर खोऱ्यातली, पण नाशिकच्या मातीत चांगली रुळलेली. पेरू-अननसाचा वास, जिभेवर हलका गोडवा. माझा सगळा लेख खरं तर हिच्यासाठीच आहे.

सोव्हिन्यों ब्लांक: हीपण पांढरी, पण आंबट आणि करकरीत. नाक लावलं तर चक्क हिरव्या मिरचीचा वास येतो. माशाबरोबर, लिंबू पिळून खातो अशा कशाबरोबरही.

रोझे: गुलाबी. बहुतेक वेळा झिनफँडेल किंवा शिराझ द्राक्षाची. हिला बायकांची वाईन म्हणून हसणारे पुष्कळ आहेत. त्यांना हसू दे.

शिराझ: लाल. काळी मिरी आणि जांभळाचा वास. रेडमध्ये आपल्या मटणाशी त्यातल्या त्यात हिचं जमतं. कॅबरने सोव्हिन्यों सध्या लांबच ठेवा, ती फार तुरट पडते.

नाशिकच्या सुला कंपनीची यातली सगळी प्रकारची वाईन बहुतेक दुकानांत असते. अकलूजच्या फ्रातेल्लीची, कर्नाटकातल्या नंदी हिल्सच्या ग्रोव्हर झाम्पाची मिळाली तर तीही बघा. अकलूज आपल्या सोलापूर जिल्ह्यातलं. उसाच्या मुलखात इटालियन भावांनी भागीदारीत द्राक्षमळे लावले, ही गोष्टच मला आवडते.

‘पोर्ट’ लिहिलेली सगळ्यात स्वस्त बाटलीही दिसेल. खरी पोर्ट पोर्तुगालची, तिच्यात ब्रँडी मिसळून ती कडक केलेली असते. आपल्याकडं त्या नावानं मिळते ती साधारण गोड लाल वाईन. वाईट नाही, पण जेवणाबरोबर नको. जेवण झाल्यावर गूळ-शेंगदाण्याबरोबर अर्धा ग्लास घेऊन बघा.

बाटली हातात आली की तीन गोष्टी तपासा. लेबलावरचं साल: पांढरी आणि गुलाबी जितकी ताजी तितकी बरी, दोन वर्षांपेक्षा जुनी असली तर परत ठेवा. जुनी वाईन भारी हा समज मोजक्या महागड्या बाटल्यांपुरता खरा आहे. दुसरं, झाकण: फिरवून उघडायचं असलं तर उत्तम, कॉर्कचा स्क्रू शोधत घरभर फिरावं लागत नाही आणि वाईनही त्यात चांगली टिकते. तिसरं म्हणजे ती बाटली कुठं उभी होती. शोकेसमध्ये उन्हात तापलेली नको. “आतल्या बॉक्समधली दे की भावा,” एवढं म्हटलं की मिळते. जिथं वाईनचा खप आहे असं दुकान हुडका. ताराबाई पार्क, राजारामपुरीकडं खप त्यातल्या त्यात बरा असतो, आणि आखाडातल्या शेवटच्या रविवारी कुठल्याच दुकानात वाईन विचारायला जाऊ नका. त्या गर्दीत तुम्हाला कुणी स्टूल लावून वरची बाटली काढून देणार नाही.

२०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळानं सुपरमार्केटमध्ये वाईन विकू द्यायचं ठरवलं होतं. बराच गदारोळ झाला आणि ते मागं पडलं. त्यामुळं अजून आपली वाईन व्हिस्कीच्या रांगेतूनच आणायची आहे, काळ्या पिशवीतून.

पायरी तिसरी: थंड करा, आणखी थंड करा

निम्मी वाईन इथंच बिघडते. ‘रेड वाईन रूम टेंपरेचरला’ हे वाक्य थंड देशातल्या दगडी घरांचं आहे. तिथली रूम म्हणजे सोळा ते अठरा अंश. आपली रूम एप्रिलात पस्तीसच्या पुढं. तेवढ्या गरम रेडमधून नुसता अल्कोहोलचा भपका येतो.

पांढरी आणि गुलाबी तीन तास फ्रिजमध्ये. रेड अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये, हो, फ्रिजमध्येच. पाहुणे दारात आणि बाटली गरम असेल तर बादली घ्या, त्यात बर्फ, बाटली बुडेल एवढं पाणी आणि मूठभर खडेमीठ. मिठानं बर्फाचं पाणी शून्याच्याही खाली जातं. पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात बाटली खुपसून उपयोग नाही, पाणी नसलं तर गारवा काचेला चिकटतच नाही. फ्रीझरमध्ये ठेवून विसरू नका. बाटली तडकली की मटारच्या पिशव्यांपासून बर्फाच्या ट्रेपर्यंत सगळं शेनिनमध्ये न्हातं, आणि ते साफ करताना घरातले काय बोलतात ते मी इथं लिहू शकत नाही.

पायरी चौथी: ग्लास आणि नाक

उंच दांड्याचे ग्लास असले तर छान, नसले तर काचेचा कुठलाही साधा ग्लास चालतो. स्टीलचा नको. ग्लास एक तृतीयांशच भरा, म्हणजे वरच्या मोकळ्या जागेत वास साठतो. थोडं गोल फिरवा, नाक घाला, मग घोट घ्या. पुस्तकात ब्लॅकबेरी, गूजबेरी असली नावं येतात. आपल्याला काय त्याचं. करवंद, जांभूळ, आमसूल, पेरू, कच्ची कैरी ही आपली नावं घ्या. राधानगरीकडची करवंदं खाल्लेल्या माणसाला शिराझ समजायला वेळ लागत नाही.

व्हिनेगरचा वास आला किंवा पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याचा कुबट वास आला तर वाईन खराब आहे. कॉर्क वास म्हणून गोड मानून पिऊ नका.

पायरी पाचवी: कशाबरोबर काय

आता मुद्द्यावर येऊ. तांबड्या रस्स्याबरोबर वाईन का जळते? मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या नसांना ‘गरम’ असं सांगतं, त्याच नसांना अल्कोहोलही चेतवतं. म्हणजे आगीत तेल. त्यात रेडचा तुरटपणा आला की तोंड कोरडं पडतं आणि तिखट आणखी टोचतं. उलट, गोडवा आणि थंडपणा तिखटाला आवरतो. म्हणून उन्हाळ्यात घरी केलेल्या संकेश्वरी मिरचीच्या कांदा-लसूण चटणीसमोर अठराशेची ड्राय, म्हणजे गोडवा नसलेली, रेड हरते आणि सातशेची गोडसर शेनिन टिकते.

आणि आपल्याकडं देवाच्या दयेनं दोन रस्से आहेत. पांढरा रस्सा म्हणजे मटणाची अळणी (मटण शिजवलेलं पाणी), नारळाचं दूध, काजू-खसखस-तिळाचं वाटण, दालचिनी-लवंग-वेलदोडा, आणि तिखट नावाला. स्निग्ध, मंद, सुगंधी. गार शेनिन ब्लांकचा एक घोट घ्यायचा, लगेच वाटीतून गरम पांढरा ओढायचा, परत घोट. नारळाच्या दुधानं तोंडात जो थर धरलेला असतो तो वाईनच्या आंबटपणानं निघून जातो, आणि वेलदोड्याचा वास त्या पेरूच्या वासात असा मिसळतो की पहिल्या वेळी मी वाटी परत परत हुंगून बघितली, आईनं यात पेरू तर घातला नाही ना म्हणून. कोल्हापुरात राहून वाईन पिणाऱ्यानं हे एकदा करून बघावं. बाकीचं नाही केलं तरी चालेल.

सुकं मटण: चटणी बेतानं असेल तर गार केलेली शिराझ. मटणाच्या चरबीनं रेडचा तुरटपणा मऊ होतो. हातात नळी असेल तर उत्तमच. चटणी झणझणीत असेल तर रोझे.

तांबडा रस्सा: त्याला वाईन नको. तो भाकरीबरोबर खा आणि तेवढा वेळ ग्लास बाजूला ठेवा. अगदीच हवी तर रोझे, बर्फासारखी गार. मटण लोणचं, रक्ती-मुंडी यांचंही तसंच.

मिसळ: नाही. सकाळी मिसळ खायची असते आणि सकाळी वाईन प्यायची नसते, प्रश्न आपोआप मिटला.

खासबागेजवळची भेळ पार्सल आणली आणि घरी फेसाळणारी स्पार्कलिंग वाईन उघडली तर काय होतं, ते मात्र बघण्यासारखं असतं. चिंचेचा आंबटगोडपणा आणि बुडबुडे. मिरचीचा ठेचा वेगळा बांधून घ्या. स्पार्कलिंग हजाराच्या थोडी वर जाते, म्हणून वाढदिवसाला.

शाकाहारी मंडळींना भरल्या वांग्याबरोबर शिराझ, शेंगदाण्याच्या कुटामुळं ती खूप जमते. झुणका-भाकरीबरोबर सोव्हिन्यों ब्लांक. आंबोळी आणि नारळाची चटणी असेल तर पुन्हा शेनिन.

बाहेर खायचं की घरी? सांगतो. आपल्या मटणाच्या खानावळी खाण्यासाठी आहेत, तिथं बाटली काढायची नाही. परमिट रूममध्ये वाईन मागितली तर ग्लासात येते ती कधी उघडलेली बाटली हे विचारायची सोय नसते, आणि भाव दुप्पट-तिप्पट. त्यापेक्षा खानावळीतून तांबडा-पांढरा आणि सुकं पार्सल आणा, भाकऱ्या घरी थापा, वाईन घरच्या फ्रिजमधली. बुधवार, शुक्रवार, रविवार यांतला कुठलाही वार. चार माणसांचं एक किलो मटण आणि एक बाटली, या दोन्हींचा खर्च साधारण एकाच घरात बसतो.

आणि चकणा म्हणून आधीच फरसाण-भडंगावर बाटली संपवू नका. वाईन जेवणाबरोबरची आहे, जेवणाआधीची नाही. रिकाम्या पोटी तेरा टक्के अल्कोहोल म्हणजे साध्या, माइल्ड बिअरच्या दुपटीपेक्षाही जास्त, हे पहिल्या ग्लासानंतर उठताना कळतं.

पायरी सहावी: कायदा, घर आणि गाडी

वयाचं बंधन आहे. पंचवीस पूर्ण असतील तर कसलाच प्रश्न येत नाही. राज्यात दारूचा परवाना लागतो, तो दुकानातच एका दिवसाचा किंवा उत्पादन शुल्क विभागाकडून वर्षाचा नाहीतर आजीवन मिळतो. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि मतदानाच्या वेळी दुकानं बंद, त्यामुळं आदल्या दिवशी आणा.

गोव्याहून येताना डिकीत दहा बाटल्या टाकायचा मोह आवरा. ‘गोवा बनावटीची दारू जप्त’ ही बातमी आपण दर आठवड्याला वाचतो. तीनशे रुपये वाचवून तिच्यात नाव छापून घेण्यात काय मजा? पन्हाळा, रंकाळा, नदीचा घाट, ज्योतिबाचा डोंगर इथं बाटली न्यायची नाही. आणि प्यायल्यावर गाडीला हात नाही, मग घर दोन चौकांवर का असेना.

घरच्यांचं म्हणाल तर श्रावण, नवरात्र आणि एकादशी हे तुमच्या फ्रिजनंही पाळायचं. माझ्या आत्याला वर्षभर वाटायचं की फ्रिजमधली ती हिरवी बाटली सरबताची आहे. एका रविवारी तिनं विचारलं, मी खरं सांगितलं. तिनं झाकण उघडून लांबूनच वास घेतला आणि म्हणाली, “पेरूचा वास हाय की रं. मग एवढी लपवालपवी कशाला?” प्यायली नाही. पण तेव्हापासून बाटली दुधाच्या पिशव्यांमागं लपवावी लागत नाही.

पायरी सातवी: उरलेली बाटली

संपवायचीच असा हट्ट नको. झाकण घट्ट लावून बाटली लगेच फ्रिजमध्ये, रेडसुद्धा, आणि दारात नाही, आतल्या बाजूला. दार उघडझाप करून तिथं गारवा राहत नाही. पांढरी, गुलाबी आणि लाल तीन-चार दिवस छान राहतात, स्पार्कलिंग दुसऱ्या दिवशीच मवाळ होते. न उघडलेली बाटली कॉर्कची असेल तर आडवी ठेवा, फिरकीच्या झाकणाची असेल तर कशीही, फक्त गॅसपासून आणि खिडकीपासून लांब. कपाटात खालच्या खणात, साड्यांमागं, अंधारात ती मजेत राहते.

चार दिवसांनंतर आंबटपणा वाढला तर फेकू नका. रेड असेल तर अर्धी वाटी सुक्या मटणात, मसाला परतून झाल्यावर, मटण घालायच्या आधी टाका आणि वास उडेपर्यंत आटवा. पांढऱ्या रस्स्यात मात्र उरलेली वाईन घालू नका, दूध फाटतं. मी घालून बघितली आहे.